सर्व निवासींस कळविण्यात येते की…

ज्येष्ठ नागरिकांच्या निवासात कर्मचाऱ्यांविषयीची सूचना ए-फोर कागदावर, ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापतात आणि जेवणाच्या हॉलच्या दारापाशी लावतात. जागा विचारपूर्वक निवडलेली असते. वाचनालयापाशी लावलेली सूचना तीन जण वाचतात; जेवणाच्या दारापाशी मात्र घंटा होण्याच्या दहा मिनिटे आधी सगळा निवास उभा असतो. फलकाला काच असते, काचेला कुलूप असते आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर असतो. म्हणून सूचना काचेवर बाहेरून चिकटपट्टीने लावतात आणि आत दोन वर्षांपूर्वीच्या कोजागरीचे निमंत्रण तसेच राहते.

सूचनेची भाषा सरकारी वळणाची असते. “सर्व निवासींस कळविण्यात येते की, श्रीमती अमुक यांची आजपासून परिचारिका या पदावर नियुक्ती करण्यात आली आहे. तरी सर्वांनी सहकार्य करावे.” सहकार्य कशात करायचे हे कधीच लिहिलेले नसते. पुण्यातल्या निवासात सूचनेवर आणखी एक संस्कार होतो. संध्याकाळच्या चहापर्यंत कोणी तरी निवृत्त मुख्याध्यापिका लाल पेनने ‘परीचारिका’तली री ऱ्हस्व करतात, ‘नियूक्ती’तला दीर्घ उकार पहिला करतात आणि समासात सही ठोकतात. व्यवस्थापकाची सही खाली असते ती असते. दुरुस्तीची सही झाल्याशिवाय सूचना अंतिम मानण्याची पद्धत नाही.

संस्थेत राहून म्हातारपण काढण्याची सोय महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या नवी पेठेतला ‘निवारा’ हा डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या अनाथ पंगू गृहाचा आजचा अवतार. त्याचे मूळ १८६०च्या दशकात आहे. मध्यमवर्ग स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कपाटासह आणि स्वतःच्या तक्रारींसह राहायला जातो तसली निवासे अलीकडची. नेरळची डिग्निटी फाउंडेशनची वसाहत किंवा पुण्यातली ‘अथश्री’ संकुले ही त्याची परिचित उदाहरणे. कायदाही पाठोपाठ आला. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७चा कायदा राज्य सरकारांना प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढायला सुचवतो. २०१९ साली केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या निवासांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत न घसरणारी फरशी, उतार, कठडे, व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट यांचा सविस्तर विचार आहे. आचारी बदलल्यावर आमटीची जबाबदारी कोणाकडे जाते, हा विषय मात्र दोन्ही ठिकाणी राहून गेला.

कार्यालयातल्या तक्त्यावर व्यवस्थापक सर्वांत वर, त्याच्याखाली मेट्रन, मग सिस्टर, फिजिओ, आचारी, मावशी, मामा, ड्रायव्हर आणि वॉचमन अशी उतरंड असते. निवासींचा तक्ता वेगळा. तिथे आचारी पहिला, दुसरी आपापल्या मजल्यावरची मावशी, तिसरा गीझर आणि टीव्हीचा रिमोट ज्याला कळतो तो मुलगा. सिस्टरचा क्रमांक त्या दिवशीच्या रक्तदाबावर ठरतो. व्यवस्थापक कुठे तरी वॉचमनच्या आसपास. वॉचमन निदान गेट उघडतो. व्यवस्थापक बदलला तर दोन दिवस बोलणे होते, मावशी बदलली तर दोन महिने. नाती मात्र सगळ्यांशी घरचीच. ८४ वर्षांचे गृहस्थ ३२ वर्षांच्या बाईला मावशी म्हणतात, ती त्यांना आजोबा म्हणते, आणि या हिशेबात कोण कोणाचे कोण लागते हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. ६१व्या वर्षी राहायला आलेल्या एखाद्या बाई ‘आजी’ला हरकत घेतात, त्यांना ‘मॅडम’ म्हणावे अशी तोंडी सूचना निघते. ती लेखी काढण्याची हिंमत कार्यालयाला होत नाही.

आचारी बदलल्याची सूचना बहुधा लावतच नाहीत, कारण गरज उरत नाही. दुपारी बाराला वाट्या वाढल्या जातात आणि हॉलमध्ये अर्धा मिनिट कोणी बोलत नाही. रत्नागिरीकडच्या माणसाला वाटीत नारळ सापडत नाही, कोल्हापूरच्याला तिखट सापडत नाही, नागपूरच्याला काहीच सापडत नाही. सदाशिव पेठेतून आलेले गृहस्थ दुसरा घोट घेऊन चमचा खाली ठेवतात आणि “गूळ?” एवढेच विचारतात. विचारणे वाढप्याला असते, पण ऐकतात सगळे. मधुमेहवाल्यांच्या टेबलावर आमटीत गूळ असल्याचा संशय येतो आणि ते दुसऱ्यांदा वाढून घेतात. स्वयंपाकघराच्या झडपेतून नवा आचारी बघत असतो. तो काल परवापर्यंत मंगल कार्यालयात पाचशे पानांचा स्वयंपाक करत होता. ६० माणसांचे, त्यातल्या निम्म्यांचे अळणी, काहींचे मऊ आणि दोघांचे मिक्सरमधून काढलेले जेवण त्याने यापूर्वी रांधलेले नसते.

याच सुमारास गेलेल्या आचाऱ्याची प्रतिमा उजळू लागते. तक्रारवहीत त्याच्याविरुद्ध भरलेली पाने अजून ताजी असतात. त्याची पोळी वातड, भात फडफडीत आणि वागणे उर्मट असल्याचे त्यांत तारीखवार नमूद असते. ती पाने लिहिणारेच आता “हाताला चव होती हो त्याच्या” असे म्हणतात. मग आहार समिती बसते. समितीत बहुधा चार जण असतात, त्यांपैकी दोघांना डॉक्टरांनी मीठ बंद केलेले असते आणि चवीबद्दल ठाम मते त्यांचीच असतात. निवृत्त अभियंता सदस्य असला तर ६० माणसांना गूळ किती, याचे कोष्टक तयार होऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागते. आचारी ते वाचतो, मान डोलावतो आणि पूर्वीच्याच मुठीने गूळ टाकतो.

सिस्टर रुजू होते तेव्हा सूचना नियमाप्रमाणे लागते. जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, पूर्वीचा अनुभव इतका तपशील तीत असतो. निवासींना हवा असलेला तपशील तीत नसतो, म्हणून तो तोंडी काढला जातो. गाव कुठले, तालुका कुठला, त्या गावचे अमुक गुरुजी तुमचे कोण, लग्न झाले का, झाले असल्यास ते काय करतात, नसल्यास का नाही. दहा मिनिटांत कोणी तरी तिच्या चुलत आत्याच्या शेजारी राहिलेले निघते. नाही निघाले तर तिच्या गावची एसटी कुठे कुठे थांबते हे सांगून आजोबा ओळख पटवतात. केरळची सिस्टर असेल तर चौकशी अडते. तिच्या गावाचे नाव कोणाला उच्चारता येत नाही. तरी कोणी तरी एलटीसीवर कोवळमला गेलेले असतेच.

त्यानंतर रक्तदाबाची परीक्षा. निवृत्त बँक तपासनीसाच्या वहीत गेल्या चार वर्षांचे आकडे असतात: तारीख, वेळ, वरचा, खालचा, मोजणाऱ्याचे नाव आणि शेरा. जुन्या सिस्टरच्या हातचा वरचा आकडा सरासरी १३२. नव्या सिस्टरच्या हातचा १४४. नवी व्यक्ती समोर आली की दाब चढतो, याचा उल्लेख ती सिस्टर हलक्या आवाजात करते. तो वहीत घेतला जात नाही. शेऱ्याच्या रकान्यात ‘पट्टा घट्ट’ असे लिहिले जाते आणि शेजारच्या खोलीतल्यांना त्याची तोंडी प्रत मिळते. दुसऱ्या दिवशी तिघा-चौघांचा दाब वाढलेला निघतो. आठवड्याभरात आकडे जागेवर येतात. श्रेय तपासनीस स्वतःच्या पाठपुराव्याला देतात.

रजेच्या सूचनांना पंचांग असते. श्रावण संपता संपता कोकणातले मामा गणपतीला जातात. आषाढीच्या आधी एखादी मावशी वारीत गाठ पडेल त्या दिंडीबरोबर चालायला लागते. चैत्रात गावोगावच्या जत्रा, मे महिन्यात लग्ने, दिवाळीला सगळेच. कागदावर मुदत ‘चार दिवस’ असते. चार दिवस हे गावाला जाण्याचे एकक आहे. त्यात जाण्यायेण्याचे दिवस, चुकलेली गाडी, अंगात आलेली कसर आणि ‘नणंदेने राहू दिलं नाही’ हे धरलेले नसते. २०२३पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर गावाला जाणे सोपे झाले असे कार्यालयाचे गाऱ्हाणे आहे. पण एसटीने ७५ वर्षांपुढच्यांना २०२२पासून प्रवासच मोफत केला आहे, आणि मावशी वेळेत न आल्यास तिच्या गावी जाऊन तिला घेऊन येण्याची तयारी एखाद्या आजींनी बोलून दाखवल्याने कार्यालयाची काळजी दुपटीने वाढते. एरवी या आजी जिन्याने पहिल्या मजल्यावर जात नाहीत.

मावशी रजेवर जाताना बदली बाईला माहिती द्यायची असते. त्यासाठी एक वही ठेवलेली असते आणि या विषयाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने फलक सोडून ती वही वाचावी. “१०४ : चहा दोनदा. पहिला झाला नाही असं म्हणतील.” “११२ : कानाचं यंत्र काढून ठेवलं की सगळं ऐकू येतं, जपून बोलणे.” “२०७ : टीव्ही बंद करू नये. झोपलेल्या नाहीत.” “२११ : आंघोळीला नाही म्हणतात. शनिवारवाडा किती साली बांधला विचारावे, सांगता सांगता येतात.” “३०३ : काकांना त्यांच्या पत्नीबद्दल विचारू नये. विचारलं तर बसावं लागेल, त्या दिवशी ३०४ उशिरा.” अशी माहिती कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. बदली बाई ब्युरोकडून आलेली असते, तिची पाळी बारा तासांची असते आणि वही वाचायला तिला वेळ नसतो. तेव्हा पहिल्या सकाळी १०४ मध्ये चहा तीनदा जातो.

नोकरी सोडण्याच्या सूचनेत कारण एकच असते : ‘वैयक्तिक कारणास्तव’. खरे कारण फलकाच्या आधी निवासात फिरून आलेले असते. पलीकडच्या नव्या निवासाने दोन हजार जास्त दिले, किंवा मेट्रनशी चादरींच्या मोजणीवरून वाजले, किंवा लग्न ठरले. बातमीचा उगम सहसा ड्रायव्हर. त्याला सगळे माहीत असते, कारण राजीनामा देणारा माणूस शेवटी बस स्टँडपर्यंत त्याच्याच गाडीतून जातो. निरोप समारंभात चार भाषणे ठरलेली असतात, पहिल्या तिन्हींत वक्ता स्वतःच्या निरोप समारंभाची हकीगत सांगतो आणि चौथ्याला वेळ उरत नाही. शाल देतात. श्रीफळ मात्र टाळतात, नारळ दिला असा अर्थ निघू नये म्हणून.

ऑक्टोबरच्या अखेरीस कार्यालयातला कॉम्प्युटरवाला मुलगा सोडून जाणे हा वेगळ्या तीव्रतेचा प्रसंग असतो. नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा महिना. २०१४पासून तो बोटाच्या ठशावर डिजिटल मिळतो. पण आयुष्यभर खडू, पाटा-वरवंटा आणि फायली हाताळलेल्या बोटांवर यंत्राला वाचण्यासारखे फारसे उरलेले नसते. २०२१पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही काम होते, परंतु पापणी मिटा म्हटले की आजोबा डोळे मिटून बसतात आणि उघडा म्हटलेले त्यांना ऐकू येत नाही. हे सगळे जमवणारा तो एकच मुलगा असतो. त्याच्या राजीनाम्याची सूचना लागताच पगारवाढीसाठी निवासींच्या सह्यांचे निवेदन निघते. त्या निवेदनावर जेवढ्या सह्या होतात, तेवढ्या पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावरही झालेल्या नसतात.

जर्मनीचे प्रकरण स्वतंत्र सांगावे लागते. म्हाताऱ्यांची संख्या वाढलेल्या त्या देशाला परिचारिका हव्या आहेत. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, मर्सिडीजचे मूळ गाव. आणि मर्सिडीजचा भारतातला कारखाना पुण्याजवळ चाकणला. तेव्हा पुण्याच्या निवासात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा स्टुटगार्टला असणे यात नवल नाही. आता त्याच मजल्यावरची सिस्टरही तिकडे निघालेली असते. परिचर्येच्या नोकरीसाठी साधारण बी२ पातळीची जर्मन लागते. ती अभ्यास करते रात्रपाळीत, रक्तदाबाच्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. कोणे एके काळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन केलेले एक आजोबा रोज दुपारी तिची परीक्षा घेतात. टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी, मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून बाकीचे निवासी जर्मन लोकांविषयी आपापली मते बनवतात. आजोबांच्या मते तीन लिंगे असलेली भाषा मराठी माणसाला सोपी जायला हवी. इंग्रजी माध्यमातल्या त्यांच्या नातवाचा अनुभव वेगळा आहे. शिकवणीचे पैसे ते घेत नाहीत. मोबदल्यात इन्सुलिनचे इंजेक्शन रोज शेवटी घेण्याची मुभा मिळते.

सिस्टर उत्तीर्ण होते त्या दिवशी काकू पेढे वाटतात आणि लगेच गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी यांची पुडकी तिच्या बॅगेत भरायला घेतात, मुलासाठी. मुलगा फोनवर अस्वस्थ असतो. आईकडे आता कोण बघणार, इतक्या चांगल्या सिस्टरला संस्थेने सोडलेच कसे, असे तो व्यवस्थापकाला विचारतो. चांगली सिस्टर त्याच्या घरापासून चार मेट्रो स्टेशनांवर कोणा जर्मन आजींची औषधे लावायला येणार आहे, हे त्याला काकू सांगतात. त्यावर तो थोडा वेळ थांबतो आणि मेतकूट किती पाठवते आहेस, हे विचारतो.

नातेवाइकांना कळवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. फलकावरचीच सूचना तिथे इंग्रजीत जाते आणि इंग्रजीत गेल्यामुळे तीत आनंद येतो : कळवण्यात ‘अत्यंत आनंद’ होत असल्याचे तिथे लिहिलेले असते, मग मजकूर फिजिओ सोडून गेल्याचा का असेना. न्यू जर्सीहून पहाटे तीनला हात जोडलेले येतात, सिडनीहून अंगठा, दुबईहून ‘ओके’. बोरिवलीहून उत्तर येत नाही. दोन दिवसांनी परदेशातली मुलगी आईला फोन करून नवी सिस्टर आल्याची बातमी देते. आईला ती येण्याच्या आधीपासून माहीत असते; मुलीला बरे वाटावे म्हणून ती “हो का?” म्हणते.

उत्कृष्ट कर्मचारी निवडण्याची प्रथा काही ठिकाणी सुरू झाली आणि बहुतेक ठिकाणी बंद पडली. १२ मे, परिचारिका दिन, हा नावे जाहीर करण्यासाठी सोयीचा वाटतो. पण निवासींत एक जरी निवृत्त तहसीलदार असला तरी मतदार यादी, हरकतींची मुदत आणि गुप्त मतदान यांचा आग्रह धरला जातो. मतमोजणीत आचाऱ्याला त्याच्याच विरुद्ध तक्रार केलेल्यांची मते पडलेली आढळतात, दोन मावश्यांना समान मते मिळतात आणि पंधरा दिवस फक्त एका मजल्यावर गरम पाणी पोचते. त्यापेक्षा सर्वांना स्टीलचा डबा देऊन फोटो काढणे स्वस्त पडते.

शेवटी व्यवस्थापकाच्या बदलाची सूचना. हा मनुष्य स्वतः बहुधा निवृत्त असतो, लष्करातून किंवा बँकेतून, आणि वयाने कित्येक निवासींपेक्षा मोठा असतो, नवीन येणारे नातेवाईक त्यालाच “आजोबा, ऑफिस कुठे आहे?” असे विचारतात. आपण पदमुक्त होत असल्याचे त्याला स्वतःच्याच सहीने कळवावे लागते, आणि ‘तरी सर्वांनी सहकार्य करावे’ हे वाक्य साच्यात असल्यामुळे त्याही सूचनेत येते. पदभार देण्याची यादी होते : कार्यालयाच्या चाव्या, तक्रारवह्या सहा, व्हीलचेअर चार, पैकी एक चाक नसलेली. त्यानंतर महिन्याभरात अनेकदा त्याच गृहस्थाचा अर्ज येतो, निवासी म्हणून प्रवेश मिळावा, शक्यतो पूर्वेकडची खोली. कर्मचाऱ्यांना प्राधान्य देऊ नये हा नियम त्यांच्याच कारकिर्दीत झालेला असल्यामुळे त्यांचे नाव प्रतीक्षायादीच्या तिसऱ्या पानावर लागते, आणि त्यात ‘प्रतिक्षा’ असे छापल्याबद्दल लाल पेन तिथेही पोचलेले असते.